पाठीतली कळ

माझ्या माहेरी बाळंतपणातलं कळणारं एकही माणूस नव्हतं. तुम्हाला हे खरं वाटणार नाही. तुम्ही समजता, त्या काळच्या घरांत सगळ्या बायकांना सगळं यायचं. पण आमच्याकडे बायका होत्या दोनच. एक मी, नववा महिना भरत आलेली. दुसरी माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती अगदी लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली होती. तिला मूल नव्हतं, आणि कपाळावर कुंकू नाही म्हणून कोणी तिला ओटी भरायला बोलावलं नाही, बारशाला पुढे बसवलं नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर पाऊलही टाकू दिलं नाही. गावातली किती तरी मुलं तिनं अंगाखांद्यावर खेळवली, मीही त्यातलीच. पण मूल जन्माला येताना काय होतं, ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणजे काहीच नाही. माझी आई मी सात वर्षांची असताना दुसऱ्या बाळंतपणात गेली. घरात तिसरं माणूस म्हणजे माझे वडील, आबा, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

परवा तुमच्यातल्या थोरलीनं फोनवर विचारलं, "आजी, सुरू झालंय हे मला कळणार कसं?" मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही. म्हणून तुमच्या आईच्या वेळी काय घडलं ते क्रमानं लिहिते.

लग्नानंतर मी पुण्यात सासरी राहत होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे करायला कोण आहे? इथंच राहा." पण पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि आबा स्वतः न्यायला आले. "ती माझ्या डोळ्यांसमोर हवी," एवढंच म्हणाले. नगरच्या दवाखान्यात त्यांनी आधीच नाव घालून ठेवलं होतं. तुमच्या आजोबांनी पुण्यातून एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं, गरोदर बायकांसाठी. मी ते दोनदा वाचलं होतं.

नगर जिल्ह्यातल्या घोडेगावात आमचं घर रस्त्याच्या कडेला, जनावरांच्या बाजाराच्या मैदानाला लागून. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. चारा नाही म्हणून ज्यांनी जनावरं विकली ते आता पुन्हा घ्यायला येत, आणि गाभण गाईला सगळ्यांत जास्त गिऱ्हाईक असे. बाजाराच्या दिवशी आमच्या अंगणातल्या लिंबाखाली माणसं सावलीला थांबत, आत्या त्यांना पाणी देई.

त्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होते. बाहेर दोन माणसांचा एका तांबड्या गाईवरून वाद चालला होता.

"आठ दिसांत वील बगा," विकणारा म्हणाला.

"आठ कुठलं! पोट कसं खाली उतरलंय बगा की. कूस पार बसली. परवाच्याला वासरू दिसंल."

"मंग परवा दोघांचे पैशे द्या!"

मी हसले, आणि हसता हसता माझा हात पोटावर गेला. दोन दिवसांपूर्वीपर्यंत छातीखाली श्वास अडकायचा, दोन घास खाल्ले की तिसरा वर येई. आता मोकळा श्वास येत होता, आदल्या दिवशी मी भाकरी मागून घेतली होती. मला वाटलं होतं, तब्येत सुधारली. चालताना मात्र पाय फाकत होते आणि लघवीला सारखं जावं लागत होतं. खिडकीतून मी त्या गाईकडे पाहिलं. ती शांतपणे रवंथ करत होती. तिच्या पोटाची आणि माझ्या पोटाची खूण एकच असेल, असं पुस्तक वाचताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

पण मी कोणाला काही बोलले नाही. त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात माझं पोट पुढून घट्ट होऊ लागलं होतं आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. आबा गाडी बघायला धावले, आत्यानं देव पाण्यात ठेवले. मी आडवी झाले आणि सगळं थांबलं. त्यानंतर आत्या रोज सकाळी विचारी, "काय बाई, आज लांडगा येनार का न्हाई?"

त्यामुळे त्या सकाळी पाठ दुखत होती, तेही मी मनावर घेतलं नाही. दुखणं खाली होतं, कमरेच्याही खाली, माकडहाडाच्या वर जी चपटी जागा असते तिथं. यायचं, आवळायचं, निघून जायचं.

"काल ट्रंक सरकावलीस," आत्या म्हणाली. "सांगितलेलं आयकायचं न्हाई. शिकलेली ना तू! बस हितं, तेल चोळते."

तिनं कोमट तेल चोळलं की बरं वाटे, आणि तेलाचा वास जायच्या आत ते परत येई. बसले तरी येई, चालले तरी येई, कुशीवर पडले तरी येई. मागच्या वेळी आडवं झाल्यावर थांबलं होतं, तसं हे थांबत नव्हतं. हा फरक माझ्या लक्षात येत होता, पण पाठीचं दुखणं आणि बाळ यांची सांगड मी घातली नव्हती. कळा म्हणजे पोटात, असं सगळे म्हणत.

न्हाणीत गेले तेव्हा चिकट, शेंबडासारखं काहीतरी गेलेलं दिसलं, त्याला रक्ताची तांबूस छटा होती. थेंबभरच. मी आत्याला बोलावलं. तिनं बघितलं आणि भिंतीला टेकली.

"रगत," ती म्हणाली. "तुज्या आईचं पन रगतच..."

"आत्या, हे तसं नाही. पुस्तकात लिहिलंय, पिशवीचं तोंड सुटायला लागलं की असं जातं. भळाभळा वाहिलं तर भ्यायचं."

मी हे ठामपणे सांगितलं. तेवढ्यात पाठीत पुन्हा आलं. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिले, आत्या मागून चोळू लागली. काय वाटलं कोण जाणे, मी तिचा हात धरला आणि पुढे पोटावर ठेवला.

तापलेल्या तव्याला लागावा तसा तिनं हात झटकला. "अगं बाई! दगड झालाय की गं हितं!" मग तिनंच तो पुन्हा ठेवला. हळूच. पूर्ण पंजा. माझं पोट तिच्या हाताखाली मऊ पडत गेलं आणि आत बाळानं कड बदलली. आत्या श्वास रोखून उभी होती. बाजारातला गलका, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, सगळं चालूच होतं.

"कोन करतंय हे?" तिनं विचारलं. "तू करतीस?"

"नाही."

"मंग आपआपलंच?"

"आपोआपच."

तिनं हात काढला नाही. पुढची कळ मला जाणवायच्या आधी तिच्या तळव्याला जाणवली. "येतंय बग. आलं. आलं." आणि तिनं ते म्हणता क्षणी माझ्या पाठीत सुरू झालं. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशीही मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"अगं," ती म्हणाली, "तुजी पाठ दुकती तवाच पोट आवळतंय. ट्रंकेचं कशानं आसंल हे?"

मी पुस्तकातली ती ओळ दोनदा वाचली होती, की कळ पाठीतून सुरू होऊन पुढे येऊ शकते. वाचली होती, समजली होती, आणि ती माझ्याबद्दल आहे असं मला वाटलं नव्हतं. आत्याचा हात पोटावर आणि दुखणं पाठीत, अशी उभी असताना मला ते कळलं. हेच ते. सुरू झालंय.

आता आबांना सांगायचं होतं. आबांची आणि माझी एक पद्धत होती. ज्या गोष्टी बाप-लेकीनं मराठीत बोलणं अवघड, त्या आम्ही इंग्रजीत बोलायचो. मला पाळी आली तेव्हाही त्यांनी शाळेतून येऊन इंग्रजीतच दोन वाक्यं सांगितली होती आणि पंधरा दिवस माझ्या नजरेला नजर दिली नव्हती. आत्याला याचा फार राग. "काय फाडफाड चाललंय तुमचं? मानसात बोला की," असं ती म्हणे.

आबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी दारात जाऊन इंग्रजीत सांगितलं की मला वाटतं, सुरुवात झाली आहे, घाबरू नका, वेळ आहे, पण पाठीत दुखतंय.

आबांनी चष्मा काढला. मला वाटलं, ते इंग्रजीत काहीतरी विचारतील. पण ते मराठीत बोलू लागले, आणि मोठ्यानं, अंगणातल्या माणसांसमोर.

"पाठीत? पोटात नाही, पाठीत?"

"हो."

"तुझ्या आईलाही पाठीतच दुखत होतं गं. सकाळपासून सांगत होती. आणि आम्ही सगळे पोटात दुखायची वाट बघत बसलो. माझी आई, शेजारणी, सगळ्या म्हणाल्या, पाठीचं काय, काम केलं असेल. बैलगाडी जुंपली तेव्हा दिवस मावळला होता. नगरच्या वाटेवरचा घाट चढलाच नाही आम्ही."

आईबद्दल त्यांनी इतकं कधीच सांगितलं नव्हतं. ती बाळंतपणात गेली एवढंच मला माहीत होतं. ते उठले, पायात वहाणा घातल्या, आणि गाईचा सौदा करणाऱ्या त्या दोघांमधून वाट काढत रस्त्याकडे गेले.

नगरकडे जाणारी एस.टी. बाजाराच्या गर्दीत अडकून उभी होती. पुढे बैल, मागे शेळ्या. मी कपड्यांचं बोचकं घेऊन निघाले तेव्हा आत्या उंबऱ्याच्या आतच थांबली.

"मी न्हाई येत. चांगल्या कामाला माजी सावली कशाला?"

मी काही समजावणार तेवढ्यात कळ आली. मी तिचा हात पकडला आणि कळ जाईपर्यंत सोडला नाही. मग तशीच चालत राहिले. ती माझ्याबरोबर ओढली गेली, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. बसमध्ये चढल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बसमध्ये आहोत.

कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवलं. मागून एका बाईनं विचारलं, "कितवं गं?"

"पहिलंच," आत्या म्हणाली.

"मंग लई टाइम हाय. पहिलटकरनीला दिस न् रात पुरत न्हाई."

"तुमचा टाइम तुमच्यापाशी ठेवा," आत्या म्हणाली. "आमचं आमी बघतो." तिचा हात पदराखालून माझ्या पोटावर होता. प्रत्येक कळ ती मला आधी सांगत होती. घट्ट होताना "आलं" आणि सुटताना "गेलं." पुढे पुढे शेजारच्या बायकाही तिच्याबरोबर "गेलं, गेलं" म्हणू लागल्या. मला हसू येत होतं आणि दुखतही होतं, आणि मधल्या वेळात मी खिडकीबाहेर पाहत होते. हरभऱ्याची शेतं, मोटेवरची माणसं, सगळं रोजचंच होतं. हे सगळे असेच कुणाच्या तरी पोटातून आले आहेत, ही गोष्ट मला त्या बसमध्ये प्रथमच नीट कळली. कंडक्टरसुद्धा. गाडीच्या टपावर बांधलेल्या कोंबड्यांची मालकीणसुद्धा. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला ते खरंच वाटत नव्हतं.

इमामपूरचा घाट लागला तेव्हा आबा जागेवरून उठले. बसायला जागा असताना ते दांडा धरून उभे राहिले. गाडी वळणं घेत होती, ते रस्त्याकडे बघत होते. घाट संपला, नगरचा सपाट रस्ता लागला, तेव्हा ते बसले.

दवाखान्यात नर्सनं तपासलं. "सुरुवात झालीय. वेळ लागेल, पण वेळेवर आलात. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे, म्हणून कळा मागून येतायत. अशा बाळंतिणीवर लक्ष ठेवावं लागतं." मग आत्याला म्हणाली, "तुम्ही आत थांबा, हिला चोळायला कोणी हवं." आत्यानं माझ्याकडे पाहिलं, दरवाजाकडे पाहिलं, आणि तांब्या कोपऱ्यात ठेवून पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तुमची आई जन्मली. त्या रात्रीचं मी लिहीत नाही, मला ते सलग आठवतही नाही. आठवतो तो कमरेवरचा आत्याचा हात. नर्सनं बाळ पुसून आधी तिच्याच हातात दिलं, कारण दुसरं कोणी उभं नव्हतं. आत्यानं बाळाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग पुन्हा बाळाकडे.

"येवढं समदं आत हुतं?" ती म्हणाली. "नखं सुदिक?"

बऱ्याच वेळानं मला चहा दिला. मी उशीला टेकून बशीतून पीत होते, तेव्हा आबा दारापर्यंत आले. त्यांनी बाळाकडे पाहिलं नाही. मी चहा पिते आहे, एवढंच ते बघत उभे राहिले. मग वळून गेले.

थोड्या वेळानं नर्स आत येऊन म्हणाली, "बाहेर पायरीवर एक म्हातारे झोपलेत, ते तुमचेच का? लोकांना जायला वाट नाही. उठवू का?"

आत्या बाळाला घेऊन खिडकीशी गेली. बाहेर उन्हात आबा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते, आणि येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात होते.

"नका उठवू," ती म्हणाली. "लई वर्सांनी झोपलाय त्यो."