एका सोळीला एक कुडम

आक्कांनी माझ्या बायकोच्या हातावर चार कवड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "घे, चार सोळी." तमिळमध्ये कवडीला सोळी म्हणतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक? चेन्नईत येऊन जेमतेम महिना झालेला. बायकोने ऐकलं चोळी. घरमालकीण तंजावरकडची मराठी, तेव्हा कवड्या शकुनाच्या आणि मागून ओटीत खण येणार, असं तिला वाटलं.

"आक्का, चोळ्या कुणाच्या मापाच्या?"

"माप एकच. एका सोळीला एक कुडम."

कुडम म्हणजे पाण्याची प्लॅस्टिकची घागर. आक्का पुढे कित्येक दिवस ती गोष्ट सांगून हसायच्या. आमच्या घरात मात्र कवड्यांचं नाव चोळ्या ते चोळ्याच राहिलं.

त्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे तलाव आटले होते. टँकर यायचा तेव्हा यायचा. गोडं पाणी होतं ते फक्त आक्कांच्या अंगणातल्या बोअरला. भाडेकरूंत भांडणं नकोत म्हणून त्यांनी आपल्या पल्लांगुळीतल्या कवड्या बाहेर काढल्या. खळग्याखळग्यांच्या लाकडी पाटावर कवड्या वाटत खेळायचा तो खेळ. त्यांच्या आईपासूनच्या कवड्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. दर सोमवारी सकाळी आक्का प्रत्येक घराला कवड्या द्यायच्या आणि मग नळाजवळच्या पायरीवर पितळी वाटी घेऊन बसायच्या. वाटीत कवडी पडली की नळ सुटायचा.

पुढे त्या कवड्या आपल्या पायांनी हिंडायला लागल्या. खाली राहणाऱ्या शिक्षिकाबाईंचं मूल माझी बायको दुपारी सांभाळायची, त्याची एक कवडी. त्यांच्याकडून इडलीचं पीठ आलं की तीच कवडी परत खाली. इस्त्रीवालाही पैशांऐवजी कवडी मागायला लागला. मी बँकेत कॅशियर. दिवसभर नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन हे बघायचं. समुद्रावरचं वारं सुटलेलं असायचं, वाळत घातलेल्या साड्या हलायच्या आणि कुठूनतरी वाटीत कवडी पडल्याचा आवाज यायचा. या कवड्यांवर ना सही, ना नंबर. त्यांच्यामागे उभं होतं ते जमिनीखालचं पाणी आणि पायरीवर बसलेली एक म्हातारी बाई. डोळे मिटले की मला वाटायचं, सगळं घरच पाण्यावर तरंगतंय.

मग गावाहून आई आली. तिला सकाळ-संध्याकाळ आंघोळ लागायची, सोवळ्याचं पाणी वेगळं. आक्कांकडे जास्त मागायची मला लाज वाटली. एका दुपारी मी जॉर्ज टाउनला गेलो. पूजेच्या सामानाच्या दुकानात पोतंभर कवड्या, वजनावर विकत होते. सवयीने मी चोळी मागितली. दुकानदाराला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही, त्याने सरळ तराजू पुढे ओढला.

त्या नव्या होत्या, कडा बोचत होत्या. मी त्यांना खोबरेल चोळलं आणि किल्ल्यांबरोबर खिशात घालून आठवडाभर फिरलो. खोटी नोट बोटांना कशी कळते, हे मला माहीत होतं. तेव्हा काय झाकायचं, तेही माहीत होतं.

एके दिवशी आईसाठी घागर भरत होतो. आक्का पाट मांडीवर घेऊन कवड्या पुन्हा पुन्हा खळग्यांत घालत होत्या. खळगे भरून कवड्या खाली सांडत होत्या. मला त्या तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ.

"तंबी, मज कळंना बघ. दिल्या त्याहून जास्त परत येतायत. कुणाला दोनदा दिल्या काय मी?"

घागर भरत आली होती. मी म्हणालो, "वय होतं, आक्का. व्हायचंच."

कवड्यांचं मी अजून एखाद्याला हसत सांगू शकेन. हे वाक्य मात्र आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यानंतर आक्का गॅस बंद केलाय का, हे दोनदा बघायला लागल्या. कुलूप लावून परत यायच्या, ओढून बघायच्या. बोअर आटून नुसता वारा ओढू लागली तेव्हा म्हणाल्या, "मीच विसरून वाटलं सगळं." पायरीवर बसणं सुटलं. मुलगा शहराबाहेर सिरुसेरीला नोकरीला होता, तो त्यांना आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. म्हणाला, आता एकटं ठेवणं बरं नाही. घर विकलं. आम्हीही दुसरीकडे गेलो.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. उंचावरचा फ्लॅट, खिडकीत नुसतं आभाळ. टीपॉयवर पल्लांगुळीचा पाट होता. उरलेल्या नव्या कवड्या मी पिशवीतून काढून त्याच्याशेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा.

त्यांनी एक कवडी उचलून कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे माझं डोसकं बरं होतं."

"बरं होतं, आक्का."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला की क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी कवडी खाली ठेवली.

"मग मी घर कशाला सोडलं, तंबी?"

स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडला, पाणी वाहत राहिलं. आक्कांनी माझ्या कवड्या पाटापासून जरा दूर सारल्या.

"तुझ्या आईला तरी पुरलं ना पाणी?"

"पुरलं," मी म्हणालो.