हातातलं तिखट

त्या खोलीत दुपारसुद्धा अर्धवट झोपेत असायची. जाड हिरवे पडदे, मंद दिवा, बाहेर व्हरांड्यात कूलरची घरघर आणि वाळ्याचा ओला वास. नागपूरच्या एका रुग्णालयात आमचं संशोधन चालू होतं. आई अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या घेत असली की पोटातल्या बाळालाही त्यांची सवय लागते. जन्मल्यावर ते औषध एकदम तुटतं, मग बाळ थरथरतं, किंचाळतं, शिंकत सुटतं. अशा बाळाला औषधाआधी आईची कूस, अंधार आणि शांतता दिली तर ते सावरतं का, एवढंच पाहायचं होतं. मी तिथली नर्स. तशी फटकळ, पण त्या खोलीत माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

भिवापूरकडची एक बाई मात्र बाळाला हातच लावेना. अगदी दिवस भरेपर्यंत ती मिरचीचे देठ खुडत होती.

"मी नाही घेत त्याले, ताई. माह्या हातात तिखट मुरलं हाय. म्हणून तं शिंकून राहिला तो."

संध्याकाळपर्यंत बाळ शांत झालं नाही तर औषध सुरू करू, असं डॉक्टर सांगून गेले होते. पाळण्यात ते हातपाय ताठ करून रडत होतं. मला तिचा रागच आला. तिचा हात ओढला आणि तिचं बोट माझ्या डोळ्याच्या कडेला फिरवलं.

"बघा, झोंबलं नाही."

ती माझ्या डोळ्याकडे बघत राहिली. "मंग काहून शिंकून राहिला?"

कंबर धरली की औषधाच्या दुकानातून आणून ती ज्या गोळ्या घ्यायची, त्यांचंच हे होतं. संशोधनासाठी सही घेताना तिला सांगितलं होतं, पण कळा सुरू असताना कुणाचं लक्ष असतं. मिरचीवर ढकललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मी खरं ते सांगितलं. सांगताना वाईट वाटत होतं.

तिने दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"मिरचीच असती तं बरं झालं असतं," ती म्हणाली.

मग उगाचच पदराला हात पुसले आणि बाळाला छातीशी घेतलं. ते शिंकलं की ती दचकायची. हात मात्र काढले नाहीत. हळूहळू बाळाच्या मुठी सैल पडल्या.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा दोघंही झोपली होती. औषधाची बाटली न उघडताच परत गेली. बाळाच्या गालाखाली तिचा तळहात होता.