काकांच्या मसुद्यावर हरकत

गायकवाड काका मैदानात पाऊल टाकण्याआधी चपला काढत आणि पाहणीला आलेल्या साहेबांनाही बूट काढायला लावत. "साहेब, फायलीत खडा टोचत नाही, इथे टोचतो," असं ते इतक्या आर्जवाने म्हणत की समोरचा माणूस नाही म्हणेपर्यंत त्याच्या हातात मोजे आलेले असत. एक जाडजूड अभियंता भोईवाड्याच्या आमच्या मैदानात 'आई गं, आई गं' करत अर्धी फेरी मारून गेला आणि पुढच्याच आठवड्यात खडी उचलायला माणसं आली.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. लहानपणच्या आजाराने एक पाय बारीक राहिलेला, त्यामुळे स्वतः कधी कबड्डी खेळले नाहीत. पण आमच्या भागात खेळणाऱ्या प्रत्येकाचं काहीतरी काम त्यांच्या खोलीत अडकलेलं असे. कुणाला नोकरीत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेसाठी प्रमाणपत्र हवं असे, कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मदत मागायची असे, तर कुणाच्या मंडळाची स्पर्धा परवानगीवाचून लटकलेली असे. काका अर्ज लिहून देत आणि तो घेऊन स्वतः कचेरीत जाऊन बसत. पोचपावतीचा शिक्का मिळाल्याशिवाय हलायचे नाहीत. "शिक्का नसलेला अर्ज म्हणजे घरात लिहिलेली डायरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झेरॉक्सचा त्यांना भयंकर तिटकारा होता. "शंभर झेरॉक्स म्हणजे एक माणूस. दहा हस्ताक्षरं म्हणजे दहा माणसं."

मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही आठ पोरी कबड्डी खेळायचो, म्हणजे चाळीच्या गच्चीवर गुडघे फोडून घ्यायचो. संध्याकाळी मैदान मंडळांच्या पोरांचं, हे जणू देवानेच ठरवून दिलेलं होतं. माझं अक्षर बरं म्हणून काकांनी मला पकडून ठेवलं होतं, आणि त्यांच्या खोलीत बसून मसुद्याची स्वच्छ प्रत काढणं मला मनापासून आवडायचं. काकूंचा चहाही फर्मास असे.

त्या वर्षी निम्म्या मैदानात वाहनतळ करायचा प्रस्ताव आला आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या गेल्या. काकांनी मैदानाच्या वापराचं वेळापत्रकच मसुद्यात घातलं. सकाळी शाळा, दुपारी क्रिकेट, सायंकाळी सहा ते नऊ कबड्डी मंडळांचा सराव. लिहिता लिहिता माझा हात थांबला.

"काका, यात आम्ही कुठे आहोत?"

"अगं, आधी मैदान तर वाचू दे. मग पोरींचं बघू."

माझं डोकं सणकलं. "हे 'मग' माझ्या आत्याने पण ऐकलं होतं. तिची आता गुडघेदुखी सुरू झाली," असं म्हणून मी पेन आपटलं आणि घरी निघून आले. आई म्हणाली, "मोठ्या माणसांशी असा बोलतत काय गो?" मी रागाने जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. तीन जिने त्या पायाने चढून आले होते. हातात कोरे कागद.

"लिही," ते म्हणाले. "माझ्या मसुद्यावर हरकत."

राग अजून होता, तो सगळा मी पहिल्या ओळीत ओतला. काकांनी कागद वाचला आणि परत दिला. "राग शेवटी. आधी कोण, कुठे, किती वाजता ते लिही. आणि नुसती हरकत नको, खाली सूचना दे. नको म्हणणारे पुष्कळ येतात, काय हवं ते सांगणारा त्यांना सापडत नाही." आठही पोरींकडून त्यांनी वेगवेगळे अर्ज लिहून घेतले. एकीने 'प्राक्टीस' लिहिलं होतं, ते मी खोडायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तिचंच आहे हे कळू दे."

सुनावणीत मी वाचून दाखवलं तेव्हा कबड्डी मंडळाचा राजूदादा मागून ओरडला, "काय काका, आपलीच माणसं आपल्यालाच टांग मारणार?" साहेबांनी तेवढंच उचललं. "तुमच्यातच एकमत नाही, मग आम्ही काय समजायचं?" माझ्यापायी मैदान गेलं असतं तर भोईवाड्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काका उठले. "साहेब, मतभेद नाही, माझी चूक आहे. वीस वर्षं अर्जात मी 'खेळाडू' लिहिलं आणि डोळ्यांसमोर फक्त पोरगे होते. मैदान अर्धं केलंत तर या पोरींना जागा कुठून देऊ? पूर्ण ठेवा आणि माझी चूक दुरुस्त करून द्या."

मैदान पूर्ण राहिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सहा ते साडेसात ही वेळ आमची झाली. मंडळाने मात्र त्या वर्षीच्या स्पर्धेला काकांना बोलावलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काका कट्ट्यावर, प्रेक्षकांत बसून सगळे सामने बघत राहिले. मी तणतणले तर म्हणाले, "अगं, इथून चढाई जास्त चांगली दिसते." वाईट वाटलं नाही असं नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही.

काका मागच्या वर्षी गेले. बुधवारी सकाळीच अंत्यविधी झाला. दुपारी मंडळाने ठरवलं, आज मैदान बंद. राजूदादाच ते सांगायला काकूंकडे आला. मी तिथेच होते. रडून काकूंचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "बंद कशाला? यांनी आयुष्यभर अर्ज लिहिले ते मैदान उघडं राहावं म्हणून."

राजूदादा खाली मान घालून गेला. सहा वाजता मी शिकवते त्या आताच्या पोरींना घेऊन मैदानावर पोचले, तर तो वाकून फक्कीने रेषा मारत होता. "शेवटची राहिली," एवढंच म्हणाला.

पहिली चढाई मी केली. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडली आणि तिसऱ्या पावलाला रडू फुटलं, दम तुटला. समोरच्या पोरी क्षणभर घुटमळल्या. मग एकीने माझा घोटा धरला, बाकीच्या अंगावर आल्या आणि सगळ्यांनी मिळून मला बाद केलं.