हवा फुकट जाते

घाटकोपरला पंतनगरात, चौथ्या मजल्यावर, म्हणजे बिल्डिंगच्या थेट टाळूवर, वनमाला घोसाळकर राहते. तिच्या डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर गच्ची आणि गच्चीवर दिवसभर ऊन. एप्रिलात त्या घरात पापड भाजायला गॅस लागत नाही, असं खालच्या मजल्यावरचे म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं. त्यांच्या डोक्यावर वनमालाची पुसलेली फरशी असते.

घर दोन खोल्यांचं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे एक दार. पुढच्या खोलीच्या खिडकीत, पाठ बाहेर आणि तोंड आत करून, एक लोखंडी कूलर बसलेला आहे. तो वनमालाच्या नवऱ्याने, बाळा घोसाळकरने, भुसावळहून आणला. नोकरीची काही वर्षं त्याने तिकडे काढली. लोक भुसावळहून येताना केळी आणतात, याने हे धूड आणलं आणि चार जिने हमालाला शिव्या देत वर चढवलं.

"मुंबईच्या हवेत आधीच पाणी, त्यात आणखी पाणी कशाला हो काका?" समोरच्या हेमांगीने एकदा विचारलं होतं.

"तुला कळणार नाही," बाळा म्हणाला. "हवा कशी खायची ते तिकडच्या माणसाला विचार."

तर हवा खायची बाळाने, आणि वाढायची वनमालाने. होळीच्या आधीच्या रविवारी कूलर उघडायचा, हा घरचा कुळाचार. गणपतीच्या तयारीत बाळा इकडची काडी तिकडे करणार नाही, पण या रविवारी तो पहाटेच आंघोळ करून खुर्चीत तयार. काम मात्र सगळं तिचं. गोणपाट काढायचं. तिन्ही बाजूंच्या जाळ्या उतरवून मोरीत न्यायच्या. आतलं जुनं गवत क्षार बसून कावळ्याच्या घरट्यासारखं कडक झालेलं असतं, ते नखं तुटेपर्यंत उपसायचं. टाकीच्या तळाचा पांढरा थर चिंचेच्या पाण्यात भिजवून कालथ्याने खरवडायचा, पंपातलं शेवाळ काढायचं. वरच्या नळीला बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी गवतावर झिरपतं. ती बुजलेली भोकं वनमाला बांगडीतली सेफ्टी पिन काढून एकेक करून टोचते. मग नवं गवत. ते लहान मुलीचे केस विंचरावेत तसं सारखं पसरावं लागतं, कारण एका जागी विरळ राहिलं की तिथून गरम झळ आलीच.

एवढं झालं की बाळा उठायचा. उजव्या हाताचं बोट कूलरच्या कडेवरून फिरवायचा आणि ते तिच्या नाकासमोर धरायचा.

"वने, हे काय आहे?"

"जुना थर आहे तो. लोखंडात मुरलाय."

"लोखंडात नाही, तुझ्या हाडात मुरलाय आळस. काढ परत जाळी."

ती परत काढायची. माणसं आलेली असली की बाळाला आणखी चढायचं. "आमची वनमाला आणि हा पंप, दोघं एकाच कंपनीचे. आवाज भरपूर आणि पाणी करंगळीएवढं." पाहुणे हसायचे. हातात तिनेच केलेल्या पोह्यांची बशी असायची, ती सांडू नये इतपत जपून हसायचे. वनमालाही हसायची. नाही हसली की पाहुणे गेल्यावर वेगळा हिशेब व्हायचा.

आणि मग त्याचा नियम. कूलर लागला की स्वयंपाकघराचं दार बंद. "उघडं ठेवलंस तर हवा फुकट जाते." म्हणजे वनमालाकडे जाते. खुर्ची कूलरसमोर, दिवाण खुर्चीच्या मागे, आणि ती दाराच्या पलीकडे शेगडीशी. रात्री तिची चटईही तिथेच, सिलिंडरच्या बाजूला. मुलगी नमिता शाळेत असताना एकदा म्हणाली, "पप्पा, आई आत शिजतेय," आणि उठून दार उघडलं. तिच्या गालावर पाच बोटं उठली. त्यानंतर त्या घरात दाराचा विषय निघाला नाही. नमिता लग्न होऊन मुलुंडला गेली, ती माहेरपणाला यायची तेही थंडीत.

गंमत म्हणजे एवढं करून कूलर गार व्हायचाच नाही. सुरुवातीला जरा बरं वाटायचं, मग खोली चिकट होत जायची. बाळाचं वर्तमानपत्र उकडलेल्या अळूच्या पानासारखं लोंबायचं, काडेपेटी पेटायची नाही, भिंतीला हात लावला तर ओला. बाळा गंजीफ्रॉक पिळत आत ओरडायचा, "गवत बसवायची अक्कल नाही तुला. भुसावळला याच कूलरसमोर मी चादर घेऊन झोपायचो." मग ऐन मे महिन्यात जाळ्या परत खाली. ती दोष शोधत राहायची. पंपात, नळीत, गवतात आणि शेवटी स्वतःत.

यंदाही होळीआधी सगळं झालं. बोट फिरलं, जाळी दोनदा निघाली. आणि एप्रिलात एका सकाळी दाढी करताना बाळाच्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला, पाठोपाठ बाळा. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मजल्यावरच्या माणसांनी त्याला खुर्चीसकट खाली उतरवला. कूलर वर चढवताना हमालाने खाल्ल्या नसतील एवढ्या शिव्या त्यांनी मनात दिल्या.

वनमाला हॉस्पिटलात बाकड्यावर बसून होती. एका दुपारी नमिताने तिला दटावलं, "आई, घरी जा, आंघोळ कर, जरा पड. मी आहे इथे." ती आली, आंघोळ केली, सवयीने कूलर लावला आणि सवयीने आत चटईवर आडवी झाली. दार लावायचं राहिलं. ओरडायला कोणी नव्हतं ना.

जरा वेळाने तिने पदर अंगावर ओढून घेतला. मग लक्षात आलं की आपल्याला थंडी वाजतेय. एप्रिलात, दुपारी, स्लॅबखाली. ती उठून बसली. वारा कूलरमधून निघत होता, पुढची खोली ओलांडत होता, दारातून तिच्या अंगावरून जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडत होता. तिने उठून दार लावून पाहिलं. पुढच्या खोलीत थोड्याच वेळात नेहमीची चिकचिक. उघडलं. परत गार.

ओल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, एवढंच होतं. भुसावळच्या खोलीला पुढे दार नव्हतं, नुसता पडदा होता, म्हणून तिकडे चादर लागायची. इथे बाळाने बायकोला वारा मिळू नये म्हणून दार लावलं आणि त्या पायी स्वतःही उकडत बसला. दुसऱ्याला छळायला एवढी पदरमोड करणारा माणूस घाटकोपरात दुसरा नसेल.

वनमाला आधी हसली. एकटीच, मोठ्याने, इतकी की हेमांगीला वाटलं काकांचं काही बरंवाईट झालं आणि काकू रडतायत. मग ती दाराच्या कडीकडे बघत बसली. तुटलेली नखं, पिनेने टोचून भोकं पडलेली बोटं, पाहुण्यांसमोरचं ते हसणं, नमिताचा गाल. सगळं या एका कडीपायी.

तरी बाई वाईट नव्हती. बाळाला घरी आणलं त्या दिवशी तिने त्याला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली, कूलर लावला आणि दार सताड उघडं ठेवलं. मजल्यावरचे येऊन, हळहळून, चहा पिऊन गेले. नमिता म्हणाली, "आई, पप्पांना मी मुलुंडला नेते थोडे दिवस. एसी आहे, तुलाही आराम."

"बघू दोन दिवसांनी," वनमाला म्हणाली.

नमिता गेली. घरात दोघंच. बाळाच्या अंगावरून वारा वाहत होता. त्याचे डोळे मिटले, वाकडा झालेला ओठ सैल पडला. भुसावळ सोडल्यापासून असा वारा त्याला लागला नव्हता. मग त्याने डोळे उघडले आणि मान वळवून दाराकडे पाहिलं. कूलरकडे पाहिलं. परत दाराकडे. वाचा गेली होती, डोकं शाबूत होतं. त्याला कळलं. आणि त्याला कळलंय हे तिला कळलं.

ती त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली होती. तिला फार काही नको होतं. त्याने नुसती मान हलवली असती, नजर खाली घातली असती, तरी तिने ते जन्मभराचं म्हणून पदरात घेतलं असतं. बाळाने डावा हात उचलला. तो हात अजून त्याचा होता. तिला वाटलं, आपल्याला बोलावतायत. ती पुढे वाकली.

हात कूलरकडे गेला. कडेवरून बोट फिरलं, आणि ते बोट त्याने तिच्या नाकासमोर धरलं. पांढरं. ती हॉस्पिटलात बाकड्यावर बसली होती, तेव्हा बसलेला क्षार.

वनमालाने पदराने त्याचं बोट नीट पुसलं. हात उचलून परत मांडीवर ठेवला. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हेमांगी डबा घेऊन आली. बाळा घामाने निथळत होता, डावा हात खुर्चीवर आपटत होता, दाराकडे दाखवत होता.

"काकू, केवढं कोंदलंय. हे दार उघडा ना जरा."

"त्यांना नाही चालत, बाय," वनमाला आतून आली. "पहिल्यापासूनचा नियम आहे. हवा फुकट जाते. हो ना हो?"

"अं, अं, अं," बाळा म्हणाला. त्याने मान जोरजोरात हलवली, पण लकव्यापासून त्याची मान 'हो'ला आणि 'नाही'ला सारखीच डगडगायची.

"बघ, हो म्हणतायत."

"धन्य आहात काकू," हेमांगी म्हणाली. "या अवस्थेतही त्यांचं मन मोडत नाही."

"पंपाचा आवाज नुसता वाढलाय," वनमाला म्हणाली, आणि हेमांगीला वाटलं कूलरबद्दल बोलतायत.

संध्याकाळी नमिताचा फोन आला, गाडी कधी पाठवू म्हणून. "नको," वनमाला म्हणाली. "पप्पांना एसी सोसायचा नाही. घरच्या कूलरची सवय आहे त्यांना."

आता बिल्डिंगीत वनमालाचं नाव होतंय. नवऱ्याची सेवा करावी तर घोसाळकरकाकूंनी, असं खालचे म्हणतात. कूलरही पूर्वी वर्षातून एकदा-दोनदा निघायचा, तो आता दर रविवारी निघतो. ती जाळ्या उतरवते, पिनेने भोकं टोचते, धवलभाईच्या दुकानातून आणलेलं महागातलं गवत विंचरून बसवते. गवत नीट बसवलं नाही, असं कोणी म्हणायला नको. काम चाललेलं असताना दार उघडं असतं. शेवटी ती कूलर लावते आणि थोडा वेळ तशीच उभी राहते. वारा सुरू होतो, बाळाचे डोळे मिटायला लागतात.

मग ती कूलरच्या कडेवरून स्वतःचं बोट फिरवते आणि त्याच्या नाकासमोर धरते.

"बघा हो. कुठे आहे का पांढरं?"

बोट स्वच्छ असतं. बाळा तिच्या बोटाकडे बघत नाही, दाराकडे बघतो. ती आत जाते, कडी लावते आणि शेगडीशी, सिलिंडरच्या बाजूला, दाराला पाठ टेकून बसते. आत भट्टी असते, ब्लाऊज पाठीला चिकटतो, घाम हनुवटीवरून टपटपतो. ती पुसत नाही. पलीकडे हात खुर्चीवर आपटत असतो, आणि ती तो थकून थांबेपर्यंत लसूण सोलत राहते.