हो की नाही, एवढंच सांगा

आमच्या आमदारांना कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देण्याची सवयच नव्हती. ही खोड कोर्टातली. आधी ते नाशिकला वरिष्ठ सरकारी वकील होते. सरकारने आमचा अर्धा गुलाबाचा मळा रस्त्यासाठी घेतला, तेव्हा मोबदल्याच्या खटल्यात माझ्या वडिलांची उलटतपासणी त्यांनीच घेतली. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "पंचनाम्याच्या दिवशी झाडांना फुलं होती? हो की नाही, एवढंच सांगा."

"साहेब, छाटणी झाल्यावर फूल लगेच..."

"हो की नाही?"

"नाय."

मळा पडीक ठरला.

पुढे ते निवडून आले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्यावर मी पाण्याची तक्रार घेऊन गेलो, तर चष्मा तसाच वर गेला.

"नळाला पाणी येतं की नाही?"

"येतं, पण धार करंगळीएवढी..."

"येतं ना? मग झालं. पुढचं कोण?"

मी चरफडत घरी यायचो आणि महिन्याभराने पुन्हा जायचो. दुसरीकडे जाणार कुठे?

पुढच्या निवडणुकीत ते हात जोडून आमच्या दारात आले. "आबा, मत आपल्यालाच ना?"

वडिलांनी सावकाश सुपारी कातरायला घेतली. "त्याचं असं हाय साहेब, उरल्या तुकड्यात यंदा छाटणी जरा लांबली. छाटलं की झाड नुसतं काटक्यांवानी दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, रान पडीक हाय..."

बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. आमदार हात जोडून ऐकत उभे होते. चष्मा नाकावरच होता. हो की नाही, एवढंच काही त्यांना विचारता येईना.