छातीतली रुई

भुसावळहून फोन आला आणि चांद मन्सुरीच्या घरात एकच धांदल उडाली. अफिफाचा निकाह उन्हाळ्यात व्हायचा होता. पण होणारा जावई अरशद रेल्वेत नोकरीला, त्याची बदली नंदुरबारला झाली आणि मुलाकडच्यांनी तारीख अलीकडे ओढली.

"थंडी सरायच्या आत म्हणतायत!" चांद फोन हातात धरून अंगणभर फिरू लागला. "हॉल कुठून आणू मी? कपडे कधी शिवायचे?"

"आधी बिर्याणीवाल्याला सांग," त्याची आई, कनीजअम्मा, खाटेवरून ओरडली. "तो भडगावचा नको. मागच्या वेळी भात कच्चा ठेवला मेल्याने."

"आणि दादी, गादी?" अफिफाने हळूच विचारलं.

चांदचं फिरणं थांबलं. अंगणापलीकडच्या बंद खोलीत कामाच्या माणसाने लावलेलं कापूस पिंजायचं मशीन घरघरत होतं.

धरणगावात चांदचं घर म्हणजे गादीवाल्यांचं घर. आजूबाजूच्या खेड्यांतल्या किती नवऱ्या मुली याच खोलीतल्या गाद्या-रजया घेऊन सासरी गेल्या असतील, त्याची गणती नाही. घरात एक रीत होती. लेकीच्या लग्नाची गादी तिच्या आईनेच भरायची. कापूस कुणीही पिंजून देवो, रुईचे थर मात्र आईच्या हातचे. आणि अफिफाची आई जीनत ही तर गावातली सगळ्यात सफाईदार हाताची भरणारी. तिने भरलेल्या गादीचे कोपरे वर्षानुवर्षं बसत नसत. पण गेलं वर्षभर ती त्या खोलीच्या उंबऱ्यापाशीसुद्धा गेली नव्हती.

"मी भरते," कनीजअम्मा म्हणाली. "दादीसुद्धा आईच असते."

जीनत चहा गाळत होती. तिने पातेलं खाली ठेवलं. तिचा आवाज थोडा चिरका निघाला, पण निघाला.

"नाही अम्मा. अफिफाची गादी मी भरणार."

हे सगळं सुरू झालं होतं मागच्या लग्नसराईत. कामाचा ढीग, मशीन सकाळपासून चालू, आणि जीनत एका गादीचा दुसरा थर घालत होती. एकाएकी तिचं काळीज धडधडायला लागलं. हातांना मुंग्या आल्या, घसा आवळला, श्वास पुरेना. आपण आत्ता, इथेच मरतोय, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही. चांदने तिला उचलून अंगणात आणलं. थोड्या वेळाने सगळं शांत झालं.

पिंजाऱ्याच्या घरात श्वास कोंडला तर दुसरा विचार कुणी करतच नाही. "छातीत रुई गेली," कनीजअम्माने निदान करून टाकलं. पिढ्यान् पिढ्यांचा उपाय तयारच होता. दिवसातून अनेकदा गुळाचा खडा, म्हणजे रुई खाली उतरते. जीनत गूळ खाऊ लागली. खोलीत जाणं बंद झालं. मग खोलीकडची खिडकी बंद झाली. चांद काम करून आला की दारातच कपडे बदलायचा. तरी झटके येतच राहिले. घरात आले, बाजारात आले, एकदा नात्यातल्या लग्नात ऐन जेवणाच्या पंगतीत आला. अम्मा म्हणे, रुई आत घर करून बसली आहे. जीनतने बाहेर पडणंच सोडलं. उद्या झटका येईल का, या धास्तीत आजचा दिवस जायचा.

शेवटी चांदने तिला जळगावला तपासायला न्यायचं ठरवलं. जाताना बसमध्येच झटका आला. बाहेर केळीच्या बागा, खिडकीतून स्वच्छ वारा, आसपास रुईचा कणही नाही. कंडक्टरने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला बसून धापा टाकताना जीनतच्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला की इथे कुठली रुई?

एक्स-रे साफ निघाला. हृदयाचा आलेखही नीट, रक्तही नीट. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत पाठवलं. दारावरची पाटी वाचून चांदचा चेहरा उतरला. मानसोपचार.

"मी वेडी झालेय का?" आत गेल्या गेल्या जीनतने विचारलं.

समोरच्या डॉक्टर, उषामॅडम, हसल्या. "वेडं माणूस असं विचारत नाही सहसा. बसा. तुमच्या धरणगावात कापसाची जिनिंग मिल आहे ना? तिथे आग लागली की भोंगा वाजतो."

"वाजतो."

"आणि आग न लागताच वाजला तर?"

"तरी सगळे पळतात."

"तेच तुमच्या शरीराचं झालंय. भोंगा खरा आहे, आग नाही. काळीज धडधडतं, हात सुन्न पडतात, घाम सुटतो, हे सगळं खरंखुरं होतं. तुम्ही नाटक करत नाही. पण त्याने माणूस मरत नाही. याला पॅनिकचा आजार म्हणतात. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. कुणाला सतत काळजी, कुणाला महिनोन् महिने उदासी, कुणाला हेच. साखरेच्या आजारासारखाच हाही एक आजार, पण हा बरा होण्यासारखा."

चांद पुढे सरकला. "मग रुई?"

"रुईने दमा होऊ शकतो, म्हणून तर छाती आधी तपासली. फडकं बांधूनच काम करा. पण यांच्या छातीत रुई नाही. जिथे पहिला झटका आला त्या जागेला यांचं मन घाबरलं. मग तुम्ही ती जागा टाळली, की मनाला वाटलं, बघा, तिथे खरंच धोका होता. टाळाल तितकी भीती फुगत जाते."

उषामॅडमनी रोज एक गोळी दिली. सुरुवातीला थोडं मळमळेल, गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडायचा नाही. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायची नाही. या गोळीचं व्यसन लागत नाही, हे त्यांनी चांदला दोनदा सांगितलं, कारण त्याने तीनदा विचारलं. शिवाय श्वास सावकाश सोडायला शिकवलं. आणि ज्याची भीती, त्याच्याकडे थोडं थोडं परत जायचं. झटका आला तर पळायचं नाही. तो लाटेसारखा चढतो, आणि न पळताही उतरतो.

घरी वेगळीच लढाई होती. "डोक्याच्या गोळ्या?" कनीजअम्मा कडाडली. "या घरातल्या मुलीला स्थळ येईल का?"

तेवढ्यात शेजारच्या सुगंधाबाई भरताची वांगी टोपलीत घेऊन आल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"कनीजबी, माले भी धुळाना डॉक्टरनी याच गोया देल व्हत्यात. मालक वारनात तवय मी खाटवरथीन उठे ना. आते दख, बठ्ठा बाजार माले घाबरस!"

"तू?" कनीजअम्मा म्हणाली. "नवरा गेल्यावर तूही याच गोळ्या घेतल्यास? कधी सांगितलं नाहीस."

"तू काय कमी बोलती व्हतीस का माले?" सुगंधाबाई म्हणाल्या आणि वांगी निवडू लागल्या.

गोळ्या सुरू झाल्या. मळमळ झाली, मग गेली. जीनतला रात्री झोप लागू लागली, भूक लागू लागली. झटके विरळ झाले. ती बाजारात जाऊन आली, पुढे उषामॅडमकडे दाखवायला बसने एकटी जळगावला जाऊन आली. पण खोलीकडे वळली नाही. कारण विचारलं की म्हणे, आता गरजच काय? चांदने माणूस ठेवला होता ना कामाला.

आणि आता ती "मी भरणार" म्हणून बसली होती.

दुसऱ्या दिवशीपासून घरात लग्नापेक्षा याचीच चर्चा. जीनतने पाट घेतला आणि खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसली. तिथेच तिने मटार सोलले. मग दार उघडं ठेवून. मग मशीन बंद असताना आत. अफिफा मेंदीचे नमुने दाखवायला मुद्दाम आतच यायची. काळीज धडधडे, जीनत श्वास सावकाश सोडे, बसून राही. प्रत्येक वेळी बाहेर आली की तिला एखादी स्पर्धा जिंकल्यासारखं वाटे. चांद तर अंगणात टाळ्याच वाजवायचा. "लाजवू नका हो," ती म्हणे, आणि हसे.

मशीन चालू असताना मात्र ती अजून आत गेली नव्हती. गादी भरायची तर ताजी पिंजलेली, फुललेली रुईच हवी.

तो दिवस उजाडला. आकाशी पट्ट्यांची खोळ उलटी करून जमिनीवर पसरली होती; तिच्यावर रुईचे थर घालायचे आणि शेवटी गुंडाळून ती सुलट करायची. चांदने तोंडाला फडकं बांधलं, जीनतनेही बांधलं. उंबऱ्याबाहेर कनीजअम्मा, अफिफा, सुगंधाबाई अशी रांगच उभी. बटण दाबलं. मशीन धडधडलं, आणि पांढरी रुई ढगासारखी बाहेर पडू लागली.

पहिला थर नीट बसला. दुसऱ्या थराला जीनतचा हात मध्येच थांबला. आलं! तेच. घसा आवळला, बोटं बधिर, छातीवर कुणी बसल्यासारखं.

"बाहेर काढ तिला!" कनीजअम्मा ओरडली. चांदचा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नका!" जीनत फडक्याआडून किंचाळली. "कुणी हात लावू नका मला!"

ती गुडघ्यांवर बसली. पाय पळायला बघत होते. दार चार पावलांवर होतं, उघडं होतं. भोंगा, ती स्वतःला म्हणाली. भोंगा वाजतोय नुसता. वाजू दे. तिने श्वास सोडला, अजून सोडला, आणि मूठभर रुई उचलून पसरली. पुन्हा मूठभर. मरणार असेन तर कोपरा भरून मरीन! धडधड अजून वाढली. तिला वाटलं, याहून वर काही असूच शकत नाही. आणि खरंच नव्हतं. तिथून ती उतरायला लागली. आधी बोटांत ऊब आली. मग घसा सुटला. मानेवरचा घाम गार लागला. मशीन तसंच धडधडत होतं, रुई तशीच उडत होती, आणि जीनत जिवंत होती. नुसती जिवंत नाही, तिच्या हाताखाली दुसरा थर पुरा झाला होता.

तिने खाली पाहिलं, बोटांनी रुई चाचपली आणि एकदम भडकली.

"अहो, हे काय पिंजलंय? गोळे आहेत नुसते! माझ्या पोरीला या गोळ्यांवर झोपवणार? परत घाला मशीनमध्ये!"

चांद फडक्यामागे इतका हसला की त्यालाच ठसका लागला. "घालतो, घालतो, मालकीणबाई!"

"हसू काय येतंय? रुई द्या!"

उंबऱ्याबाहेर सुगंधाबाई डोळे पुसत होत्या. कनीजअम्माने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून बांधला, गुडघ्यावर हात टेकत आत आली आणि खोळीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"एकटीला गुंडाळता येणार नाही तुला," ती म्हणाली. "भरायची तू. मी नुसतं टोक धरते."

गोळे पुन्हा पिंजून उरलेले थर झाले, तशी दोघींनी रुईसकट खोळ घट्ट गुंडाळत नेली, तिच्या उघड्या तोंडातून उलटवली, आणि गादी फुगून सुलट बाहेर आली. कनीजअम्माने एकेक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. चारही दाबून झाल्यावर दाभणात दोरा ओवून जीनतच्या हातात दिला.

"टाके पक्के घाल. आणि रात्रीची गोळी घे बरं, दमलीस म्हणून विसरशील."

जीनतने पहिला टाका ओढला आणि मान वर न करताच हाक मारली, "अफिफा! रजईची लाल खोळ कुठे ठेवलीस? घेऊन ये, आजच उरकू!"