विरोधी अंकल

हरायची पक्की खात्री असताना इतक्या उत्साहाने निवडणूक लढवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कतारला, दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सलग सहा वर्षं अध्यक्ष होतो आणि सहाही वर्षं माझ्याविरुद्ध उभे राहिले वसईचे अंकल. साठीला टेकलेले, नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मतं ठरलेली : दोन. सगळे त्यांना विरोधी अंकल म्हणत आणि ते त्या नावाला ओ देत.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? बिनविरोध निवडून येण्यात आपल्याकडे मान असतो. फॉर्म मागे घ्या म्हणून सेक्रेटरी दरवर्षी त्यांच्या विनवण्या करायचे. अंकल म्हणायचे, "बिनविरोध म्हणजे लोकांना कुणी विचारलंच नाही. टाळ्या वाजवल्या, खलास."

त्यांचा प्रचारही जगावेगळा. सुट्टीच्या दोन्ही दिवशी, शुक्रवारी मेट्रोने अल वक्रा, शनिवारी अल दुहैल, असे घरोघर जायचे; पण मला मत द्या, असं चुकूनही म्हणायचे नाहीत. "मंडळाचं काय खटकतं?" एवढंच विचारायचे. मग ऐकलेलं सगळं माझ्याच घरी येऊन, माझ्याच बायकोच्या हातचा चहा पीत मला सुनवायचे. "अध्यक्षसाहेब, अल मुंतझाच्या सिस्टर विचारतात, कार्यक्रम कायम शुक्रवारी सकाळी का? नर्सबायकांनी ड्यूटी सोडून यायचं?" मी चरफडत वेळ बदलायचो. श्रेय अर्थातच मला मिळायचं.

एकदा मी खोचकपणे विचारलं, "एक मत तुमचं. दुसरं कुणाचं हो?"

"मी शोधत नाही," अंकल म्हणाले. बायको चहा आणते म्हणून लगबगीने आत गेली. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गेल्या वर्षी अंकल निवृत्त होऊन वसईला परतले. विमानतळावर बायकोने त्यांच्या हाती लाडवांचा डबा दिला आणि सांगूनच टाकलं, "दुसरं मत माझं होतं." अंकलचे डोळे भरून आले. मला खरं तर राग यायला हवा होता, पण माझेही भरले.

"माझ्या जागी कुणीतरी बघा," ते जाताना म्हणाले.

"बघतो, इन्शाल्ला," मी म्हणालो आणि विसरलो.

यंदा मुदत संपत आली तरी फॉर्म एकच, माझा. सेक्रेटरी खूश. सहा वर्षं हवा असलेला मान समोर आला आणि मला तो नकोसा वाटला. कोरा फॉर्म घेऊन मी अल मुंतझाला त्या सिस्टरांकडे गेलो. म्हटलं, "ताई, माझ्याविरुद्ध उभ्या राहा."

"आणि हरले तर?"

"अंकल सहा वेळा हरले."

त्या अकरा मतांनी जिंकल्या. मी वसईला फोन लावला.

"वाईट वाटलं?" अंकलनी विचारलं.

"वाटलं."

"वाटणारच. मलाही दरवर्षी वाटायचं." मग म्हणाले, "आता फिरायला लागा. वक्र्याला संध्याकाळी जा, दुपारी सगळे झोपलेले असतात."